विमानातून बाबांना मी दिसायचे

लहानपणी माझी पक्की समजूत होती, की आकाशातलं प्रत्येक विमान माझे बाबाच चालवतात. यात चूक आईची. बाबा सरकारी विमान कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर मान मोडून बसायचे, पण "बाबा कुठे गेले?" म्हटलं, की आई कणीक मळता मळता सांगायची, "विमानं करायला." करणं आणि उडवणं यांतला फरक कळायचं माझं वय नव्हतं.

आम्ही तेव्हा इंदिरानगरात राहायचो. घरघर ऐकू आली, की मी गच्चीकडे धूम ठोकायचे. खालच्या मजल्यावरच्या कानडी अक्का ओरडायच्या, "पुट्टी, स्वल्प निधान!" पण हळू जाऊन कसं चालेल? तोवर बाबा निघून गेले असते! मी दोन्ही हात हलवायचे. मला विमान दिसतंय म्हणजे विमानातून मी दिसणारच, यात शंका कसली? त्या वयात सगळं जग आपल्याकडेच बघत असतं.

संध्याकाळी बूट काढता काढता बाबा म्हणायचे, "आज काय मस्त हात हलवलास गं! पिवळा फ्रॉक ना?" तोच फ्रॉक अजून माझ्या अंगावर आहे, हे काही माझ्या डोक्यात येत नसे.

पहिलीत गेल्यावर शेजारच्या बाकावरच्या मुलीने घोळ केला. तिचेही बाबा त्याच कारखान्यात होते, आणि ती म्हणाली, ते कुणी विमानात बसत नाहीत. मग मी बाबांची परीक्षा घ्यायची ठरवली. विमान आलं तेव्हा गच्चीवर न जाता पलंगाखाली जाऊन बसले. संध्याकाळी बाबा बूट काढता काढता म्हणाले, "आज काय मस्त हात हलवलास गं!"

मला ठाऊक असलेली गोष्ट बाबांना ठाऊक नव्हती. माझ्या डोक्यातलं त्यांना दिसत नव्हतं! मुलांच्या वाढीतली ही मोठी पायरी असते, असं पुढे बी.एड.च्या पुस्तकात वाचलं. तेव्हा मात्र पायरीबियरी काही वाटली नाही, मी सरळ खरं सांगून टाकणार होते. पण बाबांचा चेहरा इतका खुललेला होता, की मी म्हटलं, "हो. तुम्हीपण दिसलात." त्यानंतर बरेच दिवस मी त्यांच्यासाठी हात हलवत राहिले.

आता बाबा येलहंक्याला चौथ्या मजल्यावर राहतात. काचबिंदूने नजर जवळजवळ नेलीय. तरी मी निघाले की बाल्कनीत येऊन पुढच्या गेटकडे हात हलवतात. डोळ्यांचा विषय काढलेला मात्र त्यांना खपत नाही.

गेल्या रविवारी ऑटो नेमकी मागच्या गेटला आली. मी बसतेय तोच फोन वाजला. "दिसलीस! आज काय मस्त हात हलवलास गं!"

फोन तसाच चालू ठेवून ऑटोवाल्याला म्हटलं, "अण्णा, मुंदिन गेट हत्र स्वल्प निल्लिसी." वळसा घालून तो पुढच्या गेटपाशी थांबला. मी खाली उतरले. वर बाल्कनीत बाबा, एका हाताने फोन कानाला लावलेला, दुसरा हात अजून हलतच होता.

फोन पर्समध्ये टाकला आणि लहानपणीसारखे दोन्ही हात हलवले, बाबा आत जाईपर्यंत.