शेतातला युरिया

थोरल्या भावानं टोमॅटो वाहायला नवा ट्रक घेतला. त्याच्या सायलेन्सरमध्ये तांबं घातलेल्या झिओलाइट या सच्छिद्र खनिजाची जाळी होती. डिझेलशेजारच्या वेगळ्या टाकीतल्या शुद्ध युरियाच्या पाण्यामुळं ती धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन करायची. मी हे समजावलं, तर म्हणाला, "युरिया घरात पोत्यानं हाय की राव!" आणि कडुनिंबाचा लेप दिलेला शेतातला युरिया बादलीत कालवून त्या टाकीत ओतला. जाळी चोंदली. आळेफाट्याच्या गॅरेजवाल्यानं ती उपटून फेकली, वर जाळी जागेवरच आहे असं गाडीच्या कॉम्प्युटरलाही फसवलं. "आता कटकट न्हाई," भाऊ खूश. रोज सकाळी ट्रक दारात धूर ओकत उभा असतो आणि आई आत खोकत बसते. काल भाऊ मलाच म्हणाला, "तिला डॉक्टरला दाखव की, तू शिकलेला ना?"