नागपूरच्या सरहद्दीवरचे साहेब

परदेशी खजुराचं खोकं उघडलं की साहेब आधी डोळे मिटायचे. एक खजूर नखाने फाडायचे, नाकाशी धरायचे आणि व्यापारी काही सांगायला लागला की म्हणायचे, "माल बोलून राहिला. तुम्ही जरा गप्प बसा."

नागपूरला समुद्र नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तरी सरहद्द आमच्याकडे येते, रेल्वेने, सीलबंद कंटेनरमधून. डेपोत सील तुटतं, अन्न तपासणारे साहेब नमुना घेतात, प्रयोगशाळेचा अहवाल येतो, मगच माल देशात आला असं समजायचं. तोवर तो नागपुरात असूनही परदेशातच. मी माल सोडवून देणारी एजंट. माझं काम घाईचं, त्यांचं थांबवण्याचं. चहा मात्र आम्ही एकत्र घ्यायचो.

एकदा बिस्किटांच्या पुड्यांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका नव्हता. ठिपके चिकटवायला माणसं बसवली. ते होईपर्यंत बिस्किटांची मुदत इतकी सरली, की आता उरलेली मुदतच आयातीच्या नियमात बसेना. "ठिपका छान लागला," साहेब म्हणाले आणि माल परत पाठवला.

इतवारीच्या बाजारातल्या एका शेठजींचा खजूर त्यांनी रमजानच्या तोंडावर अडवला. एका खोक्यात अळी दिसली होती. शेठजी रोज डेपोत यायचे.

"काहून अडवता साहेब? रोजे सुरू होऊन राहिले."

"अळी कुठं रोजा ठेवते शेठजी?"

अहवाल आला तेव्हा ईद होऊन गेली होती. बाकी सगळा माल चांगला निघाला. शेठजींनी तो पडत्या भावात विकला आणि साहेबांना मनसोक्त शिव्या घातल्या. मीही भर घातली.

पुढे साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी, खाप्याला गेले. पद्धतही बदलली, कोणता कंटेनर उघडायचा ते आता संगणक ठरवतो. शेठजींचा यंदाचा खजूर त्याने न उघडताच सोडला. मी खूश, शेठजी खूश. दोन दिवसांनी त्यांनी मला गोदामात बोलावलं. फोडलेल्या खोक्यात अळ्या वळवळत होत्या.

"कागद पास, रमजान दारात. विकू का मॅडम?"

मी पासचे कागद पुन्हा चाळले. मग तेच म्हणाले, "साहेबाईले लावा ना फोन."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"वास कसा येते?" साहेबांनी विचारलं.

"आंबट," शेठजी म्हणाले. "पण कागद पास आहेत साहेब."

"मंग कागद विका."

शेठजींनी हातातला खजूर खोक्यात टाकला. "तुम्ही असते तं डेपोतच अडवला असता. माल परत तरी धाडता आला असता."

"आन् तुम्ही मले शिव्या देल्या असत्या."

"देल्याच असत्या."

शेठजींनी हमालांना हाक मारली आणि दुकानाकडे निघालेली हातगाडी रिकामी करायला लावली. फोन चालूच होता.

"शेठजी, सगळे खोके पाहिले का?" साहेब विचारत होते. आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. "एकेक उघडून पाहा. एखादं तरी चांगलं निघन."

शेठजी जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी पुढचं खोकं फोडलं.