उलट्या पंखांचं विमान

बेळगाव स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागायची, तेव्हा मारुतीरावांचा टांगा लांबूनच ओळखू यायचा. ते पुढं बसले की अख्खा टांगा पुढं झुकायचा. तरुणपणी त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या. एकदा गुडघा निखळला आणि आखाडा सुटला, पण अंग तसंच राहिलं. बोटं तर केळ्यांसारखी. ते सदऱ्याचं बटण लावायला बसले तरी बायको शालूबाई हसायची.

१९३७ साली कॅम्पातला एक गोरा कप्तान विलायतेला परत निघाला. स्टेशनवर सामान उतरवून झाल्यावर त्यानं एक पुठ्ठ्याची पेटी मारुतीरावांच्या हातात ठेवली. मुलासाठी मागवली होती, पण मुलगा तिकडंच शाळेत राहिला, असं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं. पेटीत हलक्या लाकडाचे कापून ठेवलेले तुकडे, पत्र्याचे चार चिमुकले पंखे, डिंकाची नळी आणि बारीक इंग्रजी छपाईचा एक कागद. झाकणावर माणसं घेऊन जाणाऱ्या मोठ्या विमानाचं रंगीत चित्र. मारुतीराव चहा प्यायला गेले तेवढ्यात त्यांच्या चंद्री घोडीनं ते झाकण चावून खाल्लं.

"टाकून द्या की आता," शालूबाई म्हणाली. "चितर बी न्हाय, वाचाय बी येत न्हाय."

"आखाडा सोडून दुसरं कायबी केलं न्हाय मी जल्मात," मारुतीराव म्हणाले. "करून तर बघतो."

रोज सकाळी टिळकवाडीतून प्रमोदिनीबाई त्यांच्या टांग्यातून कॅम्पातल्या मुलींच्या शाळेत जायच्या. त्या तिथं भूगोल शिकवायच्या. मारुतीरावांनी तो कागद त्यांच्यापुढं धरला आणि अवघडून म्हणाले, "बाई, एवढं वाचून दावशीला काय?"

बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. तेव्हापासून रोज टांगा कॅम्पाकडं निघाला की बाई एक परिच्छेद वाचायच्या, मराठीत सांगायच्या, आणि मारुतीराव मान डोलावून तो पाठ करायचे. संध्याकाळी घोडीला चारा घालून झाला की अंगणात बसून तेवढंच काम करायचे.

काम सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी चाकू जोरात दाबला गेला आणि शेपटीचं टोक उडालं. नळीतला डिंक वाळून दगड झालेला. सुताराकडून सरस आणून चुलीवर वितळवला, तर त्या वासानं शालूबाई भांडी उचलून शेजारणीकडं स्वयंपाकाला गेली. काचकागद घासता घासता एक चाक वाटाण्याएवढं झालं. पण विमानाचं पोट गुळगुळीत झालं तेव्हा मारुतीरावांनी त्यावरून गाल फिरवून बघितला आणि स्वतःशीच हसले.

पंखांपाशी मात्र घोटाळा झाला. एका पंखावर 'पी' आणि दुसऱ्यावर 'एस' छापलेलं. 'पी' म्हणजे 'पोर्ट' असं कागदावर होतं. बाईंनी शब्दकोश काढला, तर त्यात 'बंदर' निघालं.

"बंदराचा नि पंखाचा काय संबंध हो?" मारुतीरावांनी विचारलं.

बाईंना ते कळेना, पण शिक्षिकेनं 'माहीत नाही' कसं म्हणायचं! थोडा विचार करून त्या ठामपणे म्हणाल्या, "पी उजवीकडं लावा."

मारुतीरावांनी तसंच केलं. पंख पक्के बसले. मग दिसलं, की पंखांवरची इंजिनं मागं तोंड करून बसलीत.

"आगबोटीचा पंखा मागंच असतो," बाई म्हणाल्या. "विमानाचंही तसंच असेल."

मग पत्र्याचे पंखे मागं लागले. रुपेरी रंग चढला. मारुतीरावांनी विमान टांग्याच्या छताला आतून दोरीनं टांगलं. उतारू कौतुक करायचे. कोणालाच काही खटकलं नाही, कारण जवळून विमान कोणी बघितलंच नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात कॅम्पाच्या मैदानावर खरं विमान उतरलं. निम्मं बेळगाव तिकडं लोटलं. बाई आणि शाळेतल्या चार मुली मारुतीरावांच्याच टांग्यातून गेल्या. गर्दीतून वाट काढत सगळे पुढं पोचले, आणि मारुतीराव थांबलेच. पंखा विमानाच्या नाकावर होता. त्यांनी बाईंकडं बघितलं. बाईंचा चेहरा लालबुंद.

"बाई," मारुतीराव हळूच म्हणाले, "आपलं इमान मागं चाललंय की वो!"

बाईंना असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मारुतीरावांचं पोट हलायला लागलं. मुलींना काही समजेना, तेव्हा बाईंनीच सगळं सांगितलं. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "'पी' डावीकडचा होता. मला शब्द कळला नव्हता आणि मी ठोकून दिलं. तुम्ही असं करू नका गं." मुली तर आणखीच हसल्या.

दुसऱ्या दिवशी मारुतीरावांनी सांध्यांवर कढत पाणी सोडून सरस मऊ केला आणि पंख सोडवले. रविवारी बाई स्वतः शहापुरात त्यांच्या घरी आल्या. पदर खोचून अंगणात बसल्या. मारुतीरावांनी पंख दाबून धरले, बाईंनी सरस लावला. बाईंची बोटं चिकटली, साडीवर डाग पडला. शालूबाईनं दोघांना चहा दिला आणि म्हणाली, "आता तरी फुडं जातंय का बघा."

हे पहिलं विमान. नंतर जांबोटीकडच्या एका ओळखीच्यानं पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणून दिलं. त्याचं मारुतीरावांनी मनानंच दुसरं विमान घडवलं. खिडक्या एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सात झाल्या. ते त्यांनी बाईंच्या वर्गाला दिलं. कुठल्या देशाला किती वेळात पोचता येतं हे बाई ते विमान हातात धरून शिकवायच्या, आणि मुली सातव्या खिडकीसाठी भांडायच्या.

शालूबाईनं बरेच दिवस हे सगळं बघितलं. एका संध्याकाळी तिनं चुलीमागचा चिरलेला पोळपाट आणला आणि नवऱ्यापुढं ठेवला.

"हात बसलाय न्हवं आता? मग ह्यो एक नवा करून द्या. गोल पायजे."

मारुतीरावांनी पोळपाट फिरवून फिरवून बघितला, कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाले, "सोपं हाय. ह्येला डावं-उजवं न्हाय."