तळ्याखालची वस्ती आणि आम्ही चौघं

आमच्या तळ्याचं काम सुरू केलं तेव्हा वाटलं होतं, फार तर दोन-चार अर्ज करावे लागतील. अर्ज झालेच, पण त्याहून जास्त जमले ते किस्से! तळ्यातला गाळ निदान उन्हाळ्यात उपसता येतो. किस्से सांगून कमी होत नाहीत, उलट वाढतात. लग्नात भेटा नाहीतर बाजारात, कुणीतरी म्हणतंच, "बाई, तो बाटलीचा सांगा की!" आणि मला काय, सांगायला आवडतंच.

आधी आम्ही कोण ते सांगते. गाव आमचं पाथर्डी तालुक्यातलं. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. भाऊसाहेब म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सलीमभाईंचं गावातलं एकुलतं एक पंक्चरचं दुकान. आणि कोंडाबाई राहतात तळ्याच्या खालच्या अंगाला. दिवाळी झाली की त्यांची अख्खी वस्ती घरांना कुलपं लावून ऊसतोडीला जाते, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येते. वस्तीला प्यायला एकच विहीर आणि तिला पाझर तळ्याचा. तळं नासलं की विहीर नासली. ती नासू नये, एवढंच आमचं चौघांचं म्हणणं.

*

तर बाटलीचा किस्सा. पाणी तपासून घ्यायचं ठरलं. सॅम्पल सकाळी लवकर भरायचं होतं म्हणून मी बाटली आदल्या दिवशी कोंडाबाईंकडे दिली. हात कसे धुवायचे, बाटली कशी बुडवायची, झाकण कसं लावायचं, सगळं दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली. सकाळी बाटली आली, फडक्यात गुंडाळलेली. ती तशीच नगरला गेली. (जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या तोंडात अजून नगरच आहे.)

दुसऱ्या दिवशी लॅबमधून फोन! "मॅडम, तुमच्या तळ्यात हळद कुठून येते?"

मी धावत वस्तीवर. कोंडाबाई शांतपणे म्हणाल्या, "चिमूटभर हळद-कुकू टाकलं की मी. आमचं पानी पैल्यांदाच गावाभाईर चाललं हुतं, बाई. मोकळंच कसं धाडायचं?"

*

दुसऱ्या वेळी बाटली नेली भाऊसाहेबांनी. थर्मोकोलचा डबा, आत बर्फ, बर्फात बाटली. एसटीत चढले आणि डबा मांडीवर घेऊन बसले. माणूस तीस वर्षं उभ्याने नोकरी केलेला, त्यामुळे बसल्या जागी अवघडल्यासारखं तोंड!

शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय हाय डब्यात?"

"पेशंट हाय. नगरला दाखवायला चाललोय."

"पेशंट? कोन?"

"आमचं तळं."

म्हातारा डब्याकडे बघत राहिला. मग उठला, भाऊसाहेबांना आत सरकवलं आणि म्हणाला, "मग खिडकीपाशी बसा. आजारी मानसाला वारा लागतो."

त्या वेळचा रिपोर्ट बरा आला. भाऊसाहेब आजही म्हणतात, औषध त्या खिडकीतच मिळालं! मला त्या म्हाताऱ्याचं नावही माहीत नाही, पण पाण्याचा चांगला रिपोर्ट हातात पडला की त्याची आठवण येतेच.

*

तळ्यात गाड्या धुण्याची आमच्याकडे फार हौस. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटरसायकली, सगळ्यांची अंघोळ तिथेच. ऑइलचा तवंग पाण्यावर तरंगायचा. आम्ही बोर्ड लावले, त्या बोर्डांवर लोकांनी ओले टॉवेल वाळत घातले.

शेवटी सलीमभाईंनी आपल्या दुकानावर एक पाटी रंगवली: "तळ्यात गाडी धुणाऱ्याचं पंक्चर काढलं जाणार नाही." जवळचं दुसरं दुकान सात किलोमीटरवर! आठवडाभरात तळ्यावर एक चाक दिसेना.

आणि मग ईदला सलीमभाईंचे जावई आले. नवी मोटरसायकल, तिला धूळ लागलेली. त्यांनी नेली तळ्यावर, साबण लावून चकचकीत केली, आणि येताना नेमका बाभळीचा काटा घुसला. ढकलत ढकलत दुकानात आले. सलीमभाईंनी आधी चाकाकडे पाहिलं, मग सीटखाली राहिलेल्या फेसाकडे.

"तिकडं गेल्ते का?"

"मला माहीत नव्हतं, अब्बा. आणि मी जावई आहे तुमचा!"

"जावई घरी. हितं गिऱ्हाईक."

सात किलोमीटर! शेवटी सलीमभाई गाडी ढकलायला सोबत गेले खरे, पण पंक्चर काढलं ते दुसऱ्याच दुकानात. तिथल्या माणसाने विचारलं, "सलीमभाई, तुमच्याकडं सोल्युशन संपलं का?" तर म्हणाले, "न्हाई, नियम हाय."

*

आता माझी फजिती. दुसऱ्यांचं सांगायचं आणि आपलं लपवायचं हे बरं नाही.

वस्तीवरच्या बायकांना मी कपडे धुण्याच्या पावडरीवर भाषण दिलं. पावडरीने शेवाळ कसं माजतं, मासे कसे मरतात, फळ्यावर काढावं तसं जमिनीवर काढून दाखवलं. बायका मन लावून ऐकत होत्या. मला वाटलं, काय छान शिकवते मी!

भाषण संपल्यावर कोंडाबाईंनी विचारलं, "बाई, तुमच्या घरचं धुण्याचं पानी कुठं जातं?"

मी म्हटलं, "मोरीतून बाहेर."

"आन् भाईरून?"

"ओढ्याला."

"आन् वढा?"

ओढा सरळ तळ्यात! वीस वर्षं मी त्या घरात राहते आणि वीस वर्षं विज्ञान शिकवते. इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझ्या घरामागे कोंडाबाई आणि त्यांच्यासोबत चार बायका. पदर खोचलेले, हातात कुदळी. छातीएवढा खड्डा खणून झालेला, दगडगोटे भरणं चाललेलं. शोषखड्डा! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. माझ्या तोंडून नुसतं "मावशी, अहो..." एवढंच निघालं.

कोंडाबाईंनी कुदळ खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणाल्या, "हां. आता करा पुढलं भाषन."

*

शेवटचा किस्सा मात्र नीट बसून ऐका.

ऐन थंडीत कानावर आलं की गावाच्या सांडपाण्याची नवी लाईन तळ्यात सोडणार. आम्ही अर्ज केला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी माहितीच्या अधिकारात प्लॅनची नक्कल मिळाली. त्यात एका ओळीत लिहिलं होतं: "तळ्याच्या खाली वस्ती नाही."

वस्ती नाही? मी दोनदा वाचलं. मग सलीमभाईंनाच उलगडा झाला. "बाई, सर्व्हेवाले दिवाळीनंतर आल्ते. समद्या घरांना कुलपं! त्यांना वाटलं, वसाड पडलंय."

लाईनच्या कामाचे साहेब गुरुवारी शेवटच्या पाहणीला येणार होते. कोंडाबाईंची टोळी तेव्हा श्रीगोंद्याकडे ऊस तोडत होती. मी फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडे कोयत्यांचा आवाज चालूच होता. मग त्या म्हणाल्या, "बघते मुकादमाला इचारून," आणि फोन ठेवला. त्यानंतर फोन लागेना.

गुरुवारी साहेब वेळेवर आले. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला धरून चालणारा. तळ्याच्या भरावावर उभे राहून मी बोलतेय, भाऊसाहेब बोलतायत, आणि खाली वस्तीवर एकूण एक दाराला कुलूप. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची तळमळ समजते. पण मी लिहू काय? इथे माणूस कुठे आहे? बंद घरांना पाणी कशाला लागतं?"

सगळं हातातून गेलं असं वाटलं. साहेबांनी सही करायला पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात सलीमभाई हळूच म्हणाले, "साहेब, जरा खाली बघा."

वस्तीतल्या एका घरातून धूर निघत होता. बघताबघता शेजारच्या घरातून. मग पलीकडच्या. खालच्या रस्त्याला एक टेम्पो उभा होता, तो कधी आला ते आम्हाला बोलण्याच्या नादात कळलंच नव्हतं. टोळी पहाटे निघून एका दिवसासाठी आली होती. वर येऊन भांडण नाही, घोषणा नाही. जो तो आपापल्या घरी गेला, कुलूप काढलं आणि चूल पेटवली!

साहेब बोटाने मोजायला लागले. एक, दोन, पाच, अकरा... पुढे मोजायचं सोडून त्यांनी प्लॅन गुडघ्यावर पसरला आणि तळ्याखालच्या कोऱ्या जागेत पेनाने चौकोन काढायला सुरुवात केली. बराच वेळ काढत होते. मग स्वतःशीच म्हणाले, "लाईन दुसरीकडून न्यावी लागणार." मी भाऊसाहेबांचा हात घट्ट धरला होता, ते मला नंतर कळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही सुचलं नाही.

आम्ही सगळे खाली उतरलो. कोंडाबाई दारात उभ्या. अंगावर फडातलंच लुगडं, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "बाई, नंतर. सांजच्याला परत फडावर जायचं हाय. आधी पाव्हन्याला चा."

महिनोन् महिने बंद असलेलं घर, दूध कुठलं? कोरा चहा. साहेबांनी उभ्यानेच घेतला. दोन घोट झाल्यावर म्हणाले, "चव चांगली आहे. पाणी कुठलं?"

"तुमच्या कागदावर न्हाई त्या हिरीचं."

साहेबांनी कपात पाहिलं, उरलेला चहा संपवला आणि कप पुढे केला.

"अर्धा अजून द्या, मावशी."