काकीची चूक

घरात काहीही बिघडलं की आमची काकी आधी म्हणायची, "माझंच चुकलं." मांजराने दूध प्यायलं, काकीचं चुकलं. कशेडीत दरड आली आणि माझी एसटी चार तास अडकली, तरी दारातच म्हणाली, "माझंच चुकलं गो, तुला आजच बोलावलं." मी वैतागायचे. अगं, दरड काय तू ढकललीस? ती हसायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची.

काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. काका मुंबईत नोकरीला; घर, शेत, म्हैस सगळं काकीच्या अंगावर, आणि पदरात एकुलता एक बाबू. गोल चेहरा, बारीक डोळे, बोलणं जड. कंडक्टर असो की मतं मागायला आलेला पुढारी, बाबू आधी मिठी मारणार. काकी गेली त्याला दोन पावसाळे झाले. बाबू आता खेडला माझ्याकडे असतो आणि माझ्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनाही सोडत नाही.

पहिली भाकरी बाबूला, पहिला आंबा बाबूला. आधी देवाला तरी दाखव, असं कुणी म्हटलं तर काकी म्हणे, "देवाला कुठं भूक लागते?" एकदा त्याने पेरायचं भात कोंबड्यांना घातलं. दुसरी आई असती तर पाठ सोलून काढली असती. काकीने नुसता त्याच्या तोंडावरून हात फिरवला. लाडावून ठेवलाय, असं वाडी म्हणायची. मलाही तसंच वाटे.

कारण कळलं ते मी पोटुशी असताना. गावी गेले आणि नेमकं ग्रहण लागलं. ओटीवर बसून मी काकडी चिरायला घेतली, तर काकीने सुरीच हिसकावली. मी जीवशास्त्र शिकवणारी. माझं डोकं फिरलं. असलं काही नसतं, म्हणून चांगली तडकले. तेव्हा ती खाली बसली.

"बाबूच्या वेळी मला पाचवा व्हता. म्हस सकाळपासून हंबरत व्हती. मी गिराणात गवत कापलं."

हे तिने काकांनाही कधी सांगितलं नव्हतं. महाडच्या डॉक्टरांनी बाबूचं रक्त तपासलं तेव्हा त्याला घेऊन काका गेले होते, आणि घरी येऊन "इलाज नाय" एवढंच बोलले होते.

सुपात वाल होते. मी जोड्या लावायला बसले. आपल्या अंगातल्या पेशीपेशीत अशी धाग्यासारखी गुणसूत्रं असतात, तेवीस जोड्या. निम्मी आईची, निम्मी बापाची. नाक कसं, उंची किती, काळीज कसं घडायचं, सगळं त्यांच्यावर. मग एका जोडीशेजारी तिसरा वाल ठेवला. बाबूकडे हे एक जास्तीचं आहे. ते गर्भ राहतानाच ठरतं. कुणी मुद्दाम करत नाही, कुणाला टाळताही येत नाही. तू गवत कापलंस तेव्हा पोटातला बाबू असाच होता.

काकी त्या तीन वालांकडे बघत राहिली. अंगणात बाबू स्वतःशीच गाणं म्हणत होता.

"म्हंजे पयल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला वाटायचं, माझ्या पोटात धडधाकट पोरगा व्हता, मी त्याला बिघडवला. त्याच्यासाठी लय रडले गो मी." तिने पदराने डोळे पुसले आणि अंगणाकडे पाहिलं. "मंग तो दुसरा कुणी नव्हताच. ह्योच व्हता."