रविवारचा फोन

अकोल्याच्या ऑफिसात एक वयस्क सहकारी माझ्या शेजारी बसत. माझा जावास्क्रिप्टमधला कोड अडला की ते खुर्ची सरकवत येत. "मेथड ज्या ऑब्जेक्टवर बोलावली, त्यालेच धिस म्हनते. तुमी तर मेथड नुसती उचलून बटनाले देली. आता ती कोनाची हाय, हे तिले कसं समजन? बाइंड करून द्या, म्हंजे तिच्या ऑब्जेक्टले बांधून." मग "समजून राहिलं ना?" असं दोनदा विचारत. स्वतःविषयी मात्र चकार शब्द नाही. परतवाड्याचं घर बंद करून ते इथे एका खोलीत राहत, एवढंच मला ठाऊक होतं.

एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "कालचा कोड चालून राहिला ना?"

"हो, मस्त."

"मग ठीक." पण त्यांनी फोन ठेवला नाही. पलीकडून नुसता पंखा ऐकू येत होता.

"घरी चहाले या ना," मी म्हटलं.

"काई अडलं काय?"

"नाही. असंच."

ते लॅपटॉपची बॅग घेऊन आले. तिन्हीसांजेपर्यंत बसले, पण बॅग उघडलीच नाही. निघताना चपला घालत म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमचा बाकीचा कोड पाहून घेऊ."

कोड केव्हाच पुरा झाला होता, आणि तो त्यांनीच केला होता. मी म्हटलं, "या. बरंच राहिलं हाय."