कायम बाहेरगावी

रेशन तपासणीचा कागद आडवा असतो. डावीकडे अनुक्रमांक, मग नाव, मग घरात माणसं किती, कार्डाचा रंग कोणता, आणि अगदी उजव्या टोकाला, जागा उरली म्हणून ठेवल्यासारखा, दोन बोटं रुंदीचा शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात मी एका बाईविषयी दोन शब्द लिहिले. दुसरं वर्ष चालू आहे त्याला. अजूनही कुणी माझ्यापुढे पेन धरलं की मी आधी हात मागे घेते.

मी मूळची नवापूरकडची. सातवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे आई आजारी पडली आणि धाकट्यांना बघायला घरात कुणीतरी हवं होतं. मराठी माझी शाळेतली भाषा, घरची बोली वेगळी. त्यामुळे माझं लिहिणं थोडं पुस्तकी आणि थोडं इकडच्या लोकांच्या तोंडचं झालंय, ते सांभाळून घ्यावं.

लग्नानंतर नवऱ्याबरोबर आळेफाट्याला आले. तो गॅरेजात, मी एका हॉटेलात भांड्यांवर. टाळेबंदीत दोन्ही बंद पडलं. हॉटेलच्या मालकानं काही दिवस आम्हा चौघांना जेवू घातलं, मग त्याचाही नाइलाज झाला. तेव्हा कुणीतरी सांगितलं की गावाकडचं रेशनकार्ड आता कुठल्याही दुकानात चालतं. मला खरं वाटेना. दुकानात गेले, मशिनवर अंगठा ठेवला, आणि दिवसभराच्या एसटीवर असलेल्या आमच्या गावाचं नाव त्या एवढ्याशा पडद्यावर उमटलं. मी तिथंच रडायला लागले. दुकानदाराला वाटलं, अंगठा लागला नाही म्हणून रडते. तो म्हणाला, "अगं ताई, लागलाय की."

इस्राएल लोकांना रानात देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळालं, ते सकाळी दवासारखं जमिनीवर पडायचं, असं आम्ही लहानपणापासून बायबलातून ऐकलेलं. माझा मान्ना गोणीतून आला, त्यात खडे होते, आणि तो सरकारनं पाठवला होता. मी दोघांचेही आभार मानले. परक्या मुलखात आपलं नाव कुणीतरी लिहून ठेवलंय, यापेक्षा मोठी गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती.

पुढे नवऱ्याला टँकर चालवायचं काम मिळालं आणि आम्ही घोडेगावहून तळेघरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात राहायला आलो. तिथल्या रेशन दुकानात मी लागले. पोती सोडायची, धान्य मापायचं, यादी वाचायची. दुकानदाराचा एक पाय लहानपणापासून अधू. माणूस फटकळ, पण मापात कधी मारत नसे. मला तो नावानं हाक मारायचाच नाही, माझ्या जिल्ह्याच्या नावानं मारायचा. "ए नंदुरबार, यादी आण," असं चालायचं.

मग तपासणीचा हुकूम आला. ज्यांना गरज नाही त्यांची नावं कमी करायची. मला तो हुकूम आवडला, हे मी लपवणार नाही. नवऱ्याच्या टँकरचे मालक अवसरी बुद्रुकचे. त्यांच्या शेजारचं घर मी पाहिलं होतं: फरशी बसवलेला ओटा, पत्र्याच्या शेडखाली गाडी, आणि घरात पिवळं कार्ड. पिवळं कार्ड म्हणजे गरिबातल्या गरिबाचं. ज्या धान्यानं माझ्या लेकरांना जगवलं, ते तिथं कोंबड्यांपुढे पडत होतं. मला लई राग आला होता. म्हणून मी पेन हातात घेतलं ते देवाचंच काम समजून.

वरच्या वाड्यांमध्ये रेंज नव्हती आणि दुकानदाराला चढ जमत नव्हता. ज्यांना खाली येता आलं ते येऊन अंगठा देऊन गेले. उरलेल्यांची घरं बघायला मी कागद घेऊन गेले. फाल्गुन सरत आला होता, खाचरं कोरडी ठणठणीत. अकरा-बारा घरांची वाडी. सगळ्यांत शेवटच्या घराच्या दाराला एक काठी आडवी लावलेली, तिची दोन्ही टोकं दोरीनं बांधलेली.

आमच्याकडे अशी काठी दिसली की समजायचं, घर उठलं. माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली, आता पावसाच्या तोंडावर येतील. शेजाऱ्यांना विचारायचीही गरज पडत नाही. मी काठी पाहिली आणि वाचल्यासारखं वाचलं. इकडे ती काठी फक्त शेळ्या-कुत्री आत शिरू नयेत म्हणून लावतात, घरचं माणूस हाकेच्या अंतरावर असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. खालच्या फाट्यावर तीनची एसटी यायची होती. नुसतं 'बाहेरगावी' लिहिलं तर कागद परत येतो, असं दुकानदारानं बजावलं होतं. म्हणून मी लिहिलं, 'कायम बाहेरगावी'. बाहेरगावी हा शब्द काठीनं सांगितला. कायम हा मी माझ्या पदरचा घातला.

चैत्रात ती दुकानात आली. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, वाळकी अंगकाठी, अंगठ्याच्या रेषा पार झिजलेल्या. दुकानदारानं अंगठा पुसायला लावला, मग लिंबानं चोळायला लावला. शेवटी कार्डाचा नंबर टाकून पाहिला, तेव्हा नाव बंद असल्याचं दिसलं.

"वरनं बंद झालंय, आजी," तो म्हणाला.

म्हातारीनं मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. "वरनं म्हंजी? देवानं का तहसीलदारानं?"

रांगेतली सगळी हसली. मीही हसले. हसता हसता पडद्यावर वाडीचं नाव वाचलं, आणि ते हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं. काढून ठेवता येईना.

नाव माझ्या शेऱ्यानं बंद झालं, हे मी सांगितलं नाही. वैशाखात ती परत आली, दोन तास उतरून. त्या महिन्यात माझ्या वाटचा तांदूळ मी बाजूला बांधून ठेवला होता. दुकानाच्या मागं नेऊन तिच्यापुढे केला. तिनं पिशवीला हात लावून पाहिला, तांदूळ कसा आहे ते बघतात तसा, आणि पिशवी परत माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "पोरी, ह्ये तुझ्या नावाचं हाय. माझ्या नावाचं कुठं गेलं त्ये बघ."

मी म्हणाले, बघते. ती म्हणाली, तुझा काय दोष, मशिन हाय ते. आणि गेली. त्या 'तुझा काय दोष'पासून मला धड जेवण गेलं नाही. काट्यावर वजन करताना वाटायचं, पाठीमागं कुणीतरी उभं आहे. वळून बघावं तर पोती.

त्या रविवारी आम्ही जुन्नरला उपासनेला गेलो. आमची मंडळी लहान, एका भाड्याच्या खोलीत पंधरा-वीस माणसं. पाळकांनी त्या दिवशी निदणाचा दाखला, येशूनं सांगितलेली तणाची गोष्ट, घेतला. शेतात गव्हाबरोबर तण उगवलं, चाकर म्हणाले उपटून टाकतो, मालक म्हणाला नको, तण काढता काढता गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. मी तो दाखला शंभरदा ऐकला असेल. त्या दिवशी मला बाकावर बसवेना. भाताच्या खाचरात भातासारखंच एक गवत येतं, लोंबी येईस्तोवर इकडच्या जुन्या बायकांनाही चटकन ओळखू येत नाही. आणि मी तर एसटीच्या घाईत होते.

उपासनेनंतर चहा व्हायचा. मंडळीत कांद्याचे एक व्यापारी आहेत, वयानं आणि मानानं मोठे. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनीच आम्हाला खोली मिळवून दिली, म्हणून त्यांच्यापुढे बोलायला जीभ रेटत नाही. ते म्हणाले, दाखला ठीक आहे, पण फुकट धान्यानं माणूस आळशी होतो. आमचा कर त्यात जातो. काम न करणाऱ्यानं खाऊ नये, हेही शास्त्रातच आहे. पाळक हसून म्हणाले, ते जेवणाऱ्या आळशाला सांगितलंय भाऊ, उपाशी माणसाला नाही. व्यापारी म्हणाले, मग चोरांना सोडायचं का? पाळकांनी कप खाली ठेवला. म्हणाले, चोराला धरा, पण त्याचा दंड विधवेकडून घेऊ नका.

मला अवसरीचं ते घर आठवलं. तपासणी सुरू झाली तेव्हा तो गृहस्थ इकडे कामाला आला असताना गाडीतून आमच्याच दुकानात आला होता, पहिल्याच दिवशी; अंगठा कुठल्याही दुकानात चालतो. अंगठा मऊ, पहिल्या झटक्यात लागला. त्याचं नाव आजही चालू आहे.

मी दुकानदाराला सगळं सांगितलं. तो काट्याकडे बघत म्हणाला, "गप ऱ्हा, नंदुरबार. लिवून दिलंस तर आधी तुझं काम जाईल, मंग माझं दुकान तपासतील." तो खोटं बोलत नव्हता. मला दोन लेकरं, आणि इथं आमचं कुणी नाही. आणखी आठ दिवस मी गप्पच राहिले. हे आठ दिवस मी कुणाला सांगितलेले नाहीत. इथं लिहिते.

मग घोडेगावला तहसील कचेरीत गेले. अर्ज घरूनच लिहून नेला होता: घर बंद नव्हतं, बाई तिथंच राहते, मी चौकशी न करता लिहिलं. कारकुनानं वाचून चष्मा काढला. "ताई, असं कुणी लिहितं का? तांत्रिक अडचण लिहा. सगळे तेच लिहितात." तो माझ्या भल्याचंच सांगत होता. कोरा कागदही त्यानं पुढे केला. मी म्हणाले, साहेब, अडचण तांत्रिक नव्हती. कोरा कागद मी त्याच्याकडे परत सरकवला. त्यानं मान हलवली आणि माझाच अर्ज फायलीत घातला. आणखी दोन फेऱ्या झाल्या. नाव आषाढात चालू झालं. दुकानदार चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "ए नंदुरबार, यादी आण."

आषाढात म्हातारी आली, चौथ्या खेपेला अंगठा लागला. धान्याची पिशवी मी माझ्या डोक्यावर घेतली आणि तिला चढाच्या वळणापर्यंत सोडायला गेले. तिथं दगडावर बसवून सांगितलं की तुमचं नाव मी बंद केलं होतं.

ती पदरानं तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं."

मी डोक्यावरची पिशवी उतरवून हातात धरली.

"त्या दिशी मी वरल्या अंगाला हिरडं येचत व्हते. तू दारापुढं हुभी ऱ्हायलीस, कागुद लिवलास, ते दिसलं मला. मनलं, आता हाक मारंल. म्हून वाट बघितली." मग तिनं विचारलं, रागानं नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं, "हाक का गं नाय मारली?"

एसटीचं कारण माझ्या तोंडून बाहेर पडलं नाही. मी म्हणाले, मग तुम्ही दुकानात बोलल्या का नाही? ती उठली, पिशवी माझ्याकडून घेतली. "बोलले असते तर तुला काढली असती," म्हणाली, आणि चालायला लागली.

ती पुढच्या हिवाळ्यात गेली, नाताळच्या आठवड्यात. थंडी-ताप झाला, दोन दिवसांत संपलं, असं वाडीवरचे म्हणाले. म्हातारपण होतं, असंही म्हणाले. माझ्याशिवाय कुणीच धान्य बंद होतं त्या तीन महिन्यांचं नाव काढलं नाही. त्या महिन्याचं तिचं धान्य दुकानात आलेलं होतं. दुकानदार म्हणाला, मयत लिहून टाक, सगळ्यांना माहीतच आहे. मी म्हणाले, जाऊन येते.

वाडीत पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात उभी राहून मी हाक मारली, "आजी, ओ आजी." दुसऱ्यांदा मारली. शेजारची बाई सूप हातात घेऊन बाहेर आली.

"कुणाला हाका मारतीस बाय? ती गेली की."

मी म्हणाले, माहीत आहे. ती माझ्याकडे, डोकं फिरलेल्या माणसाकडे बघतात तशी बघत राहिली. मग तिनं मला ओळखलं आणि तिचा चेहरा निवळला. मी विचारलं, त्या तीन महिन्यांत आजी काय खात होत्या? ती सहज सांगू लागली. वाडीनं पाळी लावली होती. आज ह्या घरची भाकर, उद्या त्या घरची. प्रत्येक घराला आपल्यापुरतंच धान्य मोजून मिळायचं, त्यातली मूठ काढायची. शेवटी शेवटी म्हातारी लाजून येईनाशी झाली, मग पोरींच्या हाती धाडायचे. कधी ती परत पाठवायची, जेवले म्हणून. खरं जेवायची का, कुणास ठाऊक.

"रांगेत आमी समदी व्हतो की," ती म्हणाली. "कागुद घिऊन तूच आली व्हतीस, तवा समद्यांना ठावं व्हतं कुणी लिवलं त्ये. पर तिनं घरोघर सांगितलं व्हतं, ती पोर परक्या मुलखातली हाय, तिला कुणी बोलायचं न्हाई."

म्हणजे चैत्रात दुकानात मी हसले, तेव्हा माझ्याबरोबर हसणारी सगळी माणसं जाणून होती. माझी चूक अकरा घरांनी मुठीमुठीनं भरून काढली आणि मला कळू दिलं नाही. कचेरीत मात्र ते तीन महिने एक नाव कमी झाल्याचीच नोंद असणार, बचत म्हणून.

तिनं सूप भिंतीला टेकवलं, माझ्या हातातल्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. हो म्हणावं आणि उतारानं खाली पळावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "बस. नाचणीची भाकर हाय."

मी बसले.